स्टुअर्ट हॉलचे वर्किंग पेपर्स: छापील लेख हातात असताना जुने कागद कशाला उकरायचे?

अर्धवट_पीएचडी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. माझा विषय टीव्हीचे प्रेक्षक, म्हणजे लोक टीव्हीवर जे बघतात त्याचा अर्थ ते कसा लावतात हे. साहजिकच स्टुअर्ट हॉल या ब्रिटिश अभ्यासकाच्या एन्कोडिंग-डिकोडिंगवर (निर्माते कार्यक्रमात अर्थ घालतात, प्रेक्षक तो आपापल्या परीने उलगडतात, हा सिद्धांत) एक अख्खा चॅप्टर आहे. मी १९८० मध्ये पुस्तकात छापलेला मजकूर धरून लिहितेय, तोच जो सगळ्या रीडर्समध्ये, म्हणजे निवडक लेखांच्या पुस्तकांत, सापडतो. आता गाइड मॅडम म्हणतात की १९७३ चा मूळ वर्किंग पेपर वाच आणि जमलं तर बर्मिंगहॅमला हॉलचे कागद ठेवलेत तिथेही जाऊन ये, एक छोटी ट्रॅव्हल ग्रँट मिळू शकते. पण डिपार्टमेंटमधले दुसरे सर म्हणतात की ड्राफ्ट हा पुरावा नसतो, लेखकाने जे छापलं तेच त्याचं मत, बाकी सगळी टरफलं.

आता माझा गोंधळ असा की हे "वर्किंग पेपर्स" नक्की कुठले? काही लोक एका जर्नलबद्दल बोलतात, काही टाइप केलेल्या पेपर्सबद्दल आणि काही तर हॉलच्या घरातून आलेल्या खोक्यांबद्दल. हे एकच आहे का? आणि १९७३ आणि १९८० मध्ये खरंच एवढा फरक आहे का की त्यासाठी चॅप्टर उलटापालटा करावा? जाण्यात अर्थ आहे का? ज्यांनी असं काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, मोघम "जाऊन ये, छान अनुभव असतो" नको.

कागदकिडा

एकच नाहीये, तीन वेगळे ढीग आहेत आणि ते वेगळे ठेवलेस तर अर्धा गोंधळ इथेच संपतो.

पहिला ढीग म्हणजे सेंटरचं जर्नल. बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत रिचर्ड हॉगार्टने १९६४ मध्ये सेंटर फॉर कंटेम्पररी कल्चरल स्टडीज (रोजच्या जगण्यातली संस्कृती, माध्यमं यांचा अभ्यास करणारं) काढलं, हॉल त्याच वर्षी तिथे आला, १९६८ नंतर कारभार प्रत्यक्षात त्याच्याकडेच आला आणि १९७९ मध्ये तो ओपन युनिव्हर्सिटीत (ब्रिटनचं दूरशिक्षणाचं विद्यापीठ) गेला. या काळात १९७१ पासून "वर्किंग पेपर्स इन कल्चरल स्टडीज" नावाने अंक निघायचे, सेंटरचे स्वतःचे. ७ आणि ८ असा जोडअंक १९७५ मध्ये निघाला, तरुणांच्या सबकल्चर्सवरचा, म्हणजे आपली वेगळी राहणी असलेल्या गटांवरचा, त्याचंच पुढे पुस्तक झालं. हे छापील आहे, लायब्ररीत मिळतं, याला आर्काइव्ह म्हणायची गरज नाही.

दुसरा ढीग स्टेन्सिल्ड पेपर्स. म्हणजे शुद्ध मराठीत सायक्लोस्टाइल. टाइपरायटरवर मेणाचा स्टेन्सिल कापायचा, मशीनला लावायचा आणि हँडल फिरवत प्रती काढायच्या. तुझा १९७३ चा पेपर हा त्यातला सातवा. हे पेपर सेंटरने मुद्दाम वाटण्यासाठी काढलेले, विकायचेसुद्धा, म्हणजे तो काही गुप्त ड्राफ्ट नाही, ते एक प्रकाशनच आहे, फक्त गरिबीतलं. याचे स्कॅन युनिव्हर्सिटीने ऑनलाइन ठेवलेत, त्यासाठी विमानात बसायची काहीही गरज नाही.

तिसरा ढीग म्हणजे हॉलचे स्वतःचे कागद: टिपणं, पत्रव्यवहार, लेक्चरच्या नोट्स, टाइपस्क्रिप्ट्स. हे बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या कॅडबरी रिसर्च लायब्ररीत आहेत. सेंटरचा स्वतःचा संग्रहही तिथेच, त्यात बराचसा माल जुन्या विद्यार्थ्यांनी माळ्यावरून काढून दिलेला, मीटिंगची मिनिट्स वगैरे. तुला जायचं असेल तर फक्त या तिसऱ्या ढिगासाठी आणि सेंटरच्या मिनिट्ससाठी.

आणि एक इशारा, लंडनमध्ये स्टुअर्ट हॉल लायब्ररी नावाची एक जागा आहे, इनिव्हा या कलासंस्थेची. चांगली लायब्ररी आहे पण ती कलेवरच्या पुस्तकांची आहे, नाव त्याचं आहे म्हणून त्याचे कागद तिथे असतील असं समजून लोक चौकशी करत बसतात.

रिमोट_कुठाय

फरक आहे का विचारतेस? भरपूर आहे. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलेत, तुझ्या विषयाला हे टाळता येणारच नाही.

१९७३ चा मजकूर बराच मोठा आहे आणि तो भाषणासाठी लिहिलाय, समोर कोण बसलंय हे ठाऊक असलेला. लेस्टर युनिव्हर्सिटीतलं मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर आणि कौन्सिल ऑफ युरोप यांची एक परिषद होती, टीव्हीची भाषा चिकित्सकपणे वाचायचं प्रशिक्षण कसं द्यावं या विषयावर. आणि गंमत अशी की हॉल ज्यांच्या घरी पाहुणा म्हणून गेला त्यांच्याच पद्धतीवर बोलायला गेला. लेस्टरवाल्यांचं काम तेव्हा आशय मोजायचा, परिणाम मोजायचा, संदेश इकडून तिकडे सरळ जातो असं धरायचं अशा वळणाचं होतं, निदान हॉलला ते तसं दिसत होतं, आणि त्याने पुढे एका मुलाखतीत स्वतःच सांगितलंय की तो लेख त्या सेंटरच्या विरोधातला होता. १९८० च्या मजकुरात हा वाद जवळजवळ पुसला गेलाय. तिथे तो एकदम शांतपणे सगळ्या जगाला लागू असलेलं मॉडेल मांडतोय असं वाटतं. म्हणून पोरं परीक्षेत चौकोन आणि बाण काढून मोकळी होतात.

दुसरं म्हणजे वेस्टर्न. १९७३ मध्ये घोडे, बंदुका, शेरीफवाल्या मालिकांवर चांगली लांब चर्चा आहे, टीव्हीवर दिसणारी हिंसा म्हणजे हिंसा नव्हे, हिंसेबद्दलचे संदेश असतात, असा मुद्दा तिथून उभा केलाय. १९८० मध्ये ही चर्चा उरलेली नाही. म्हणजे जे उदाहरण घासून घासून सिद्धांत तयार झाला ते उदाहरणच काढून टाकलं.

आणि तिसरं, जे तुझ्या चॅप्टरला सगळ्यात जास्त लागेल. सगळे म्हणतात हॉलने प्रेक्षकाच्या तीन भूमिका सांगितल्या: वर्चस्वाची (सांगितलं तसं मान्य), तडजोडीची (थोडं मान्य, थोडं नाही), विरोधाची (उलटाच अर्थ लावायचा). १९७३ मध्ये चार आहेत. चौथी म्हणजे प्रोफेशनल कोड, वार्ताहर, निर्माते, कॅमेरावाले यांची धंद्याची भाषा, बातमी "चांगली" कशी दिसते, कोणाला किती वेळ द्यायचा, कुठला शॉट घ्यायचा. १९८० मध्ये हा मुद्दा पहिल्या भूमिकेच्या पोटात ढकललाय आणि गिनती तीनवर आली. आता विचार कर, प्रेक्षकांच्या यादीत निर्मात्यांची भाषा येणं हे तार्किकदृष्ट्या जरा विचित्रच होतं, म्हणून ती आत गेली असणार, पण तो विचित्रपणाच सांगतो की १९७३ मध्ये हॉलच्या डोक्यात प्रेक्षक आणि न्यूजरूम हे दोन विषय अजून नीट सुटे झालेले नव्हते. हा तुला आयता परिच्छेद दिला बघ.

शंकासूर

मी जरा विरोधी सूर लावतो, तसंही नावच तसं आहे.

तुझे दुसरे सर पूर्ण चुकीचे नाहीत. १९७३ चा पेपर वाच, ठीक, तो वाटलेला आहे, लोकांनी वाचलेला आहे, त्यावर वादही झालेत. पण खोक्यातल्या नोट्स? जेवायला बोलावलं तर जेवावं, ओट्यावरची सालं आणि देठं उचकत बसू नये. माणसाने जे फाडायचं राहून गेलं ते आपण त्याचा "खरा विचार" म्हणून छापतो. आणि कल्चरल स्टडीजवाल्यांचा तर मला विशेष राग येतो कारण यांनीच आम्हाला शिकवलं की लेखक वगैरे काही नसतो, अर्थ वाचणारा करतो, आणि आता हेच लोक लेखकाच्या हस्ताक्षरापुढे हात जोडून उभे. ज्या माणसाने आयुष्यभर सांगितलं की महापुरुषांचा इतिहास लिहू नका त्याची खोकी आता देवघरात ठेवल्यासारखी जपायची.

शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर ग्रँट छोटी, दिवस थोडे, आणि खोकी उघडल्यावर निम्मे कागद परिषदांची आमंत्रणं आणि प्रवासाची बिलं निघतात. पीएचडी तीन-चार वर्षांची असते, जन्माची नसते.

धुळीची_अॅलर्जी

शंकासूर, प्रवासाची बिलं फेकू नका हो, त्यावरूनच कळतं माणूस कुठल्या तारखेला कुठे होता 😄 मी आर्काइव्हमध्येच काम करते (बर्मिंगहॅममध्ये नाही, दुसरीकडे), त्यामुळे काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते, ज्या सहसा कोणी सांगत नाही आणि मग संशोधक येऊन पहिले दोन दिवस नुसते गोंधळात घालवतात.

एखाद्या प्राध्यापकाचे कागद आले की आम्ही ते विषयवार लावून टाकत नाही. ज्या क्रमाने त्याने ठेवले होते तो क्रम शक्यतो तसाच ठेवतो. कारण एका फायलीत टीव्हीवरचं टिपण, वर्णद्वेषावरच्या सभेचं पत्रक आणि ग्राम्शी या इटालियन मार्क्सवादी विचारवंतावरच्या नोट्स एकत्र असतील तर ते एकत्र असणं हीच माहिती आहे. तुम्ही कॅटलॉगमध्ये फक्त "एन्कोडिंग" टाकून सर्च केलं तर ती फाइल तुम्हाला कधीच सापडणार नाही. म्हणून आधी कॅटलॉगचं वरचं वर्णन वाचा, संग्रह कोणी दिला, किती मीटर आहे, कसा विभागलाय, काय बंद आहे. लोक हे स्किप करतात आणि थेट खोकं मागतात.

दुसरं, कागदाचा प्रकार बघायची सवय लावा. पातळ कुरकुरीत कागदावर फिकट अक्षर म्हणजे कार्बन कॉपी, म्हणजे मूळ प्रत दुसऱ्या कोणाकडे गेली. सायक्लोस्टाइलवर शाई पसरते, अक्षराच्या पोटात भरते, चूक दुरुस्त केलेली जागा उठून दिसते. स्टेन्सिल ठरावीक प्रतींनंतर झिजतो, परत प्रती हव्या असतील तर परत टाइप, आणि परत टाइप केलं की पान नंबर सरकू शकतात, म्हणून पान नंबर देताना कुठली प्रत बघितली ते लिहा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले फॅक्स थर्मल कागदावर असतात आणि ते उडतात, अक्षरशः कोरा कागद उरतो, नशीब चांगलं असेल तर कोणीतरी वेळेवर झेरॉक्स काढून ठेवलेली असते. आणि पुढे फ्लॉपी, त्याबद्दल आज बोलत नाही, माझं बीपी वाढतं.

तिसरं, बंद फायली. विद्यार्थ्यांचे रिपोर्ट, शिफारसपत्रं, कोणाच्या आजारपणाचा उल्लेख असलेली पत्रं, यातली माणसं हयात आहेत, त्यामुळे डेटा प्रोटेक्शन लागू. प्राध्यापकाच्या कागदात हे भरपूर असतं कारण अर्धं आयुष्य शिफारसपत्रं लिहिण्यात जातं. बंद आहे म्हणजे काही स्कँडल दडवलंय असं नसतं, उगाच रीडिंग रूममधल्या माणसाशी वाद घालू नये.

आणि कॉपीराइट. कागद लायब्ररीच्या मालकीचा असला तरी मजकूर तिच्या मालकीचा असतोच असं नाही. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, हॉल २०१४ मध्ये गेला, म्हणजे २०८४ संपेपर्यंत. आणि त्याला आलेलं पत्र असेल तर हक्क पत्र लिहिणाऱ्याचे, हॉलचे नव्हेत. फोटो अभ्यासासाठी काढू देतात बऱ्याच ठिकाणी, पण थीसिस ऑनलाइन जाणार असेल आणि लांब उतारा किंवा पानाचा फोटो टाकायचा असेल तर परवानगी मागावी लागते, आणि त्याला वेळ लागतो, सबमिशनच्या आदल्या महिन्यात मेल करून होत नाही.

पेन नेऊ नका. पेन्सिल.

अर्धवट_पीएचडी

बापरे, एवढं सगळं! खरंच मनापासून थँक्यू. स्कॅन सापडला, कालच वाचून काढला, रिमोट म्हणतात ते चार कोडचं प्रकरण बघून चॅप्टरची अख्खी बाजूच बदलणार आहे असं दिसतंय. वेस्टर्नचा भाग तर फारच मजेदार आहे, तो का काढला असेल हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

आता पुढचा प्रश्न. शंकासूर सर म्हणतात त्यातला एक मुद्दा मला खरंच टोचतो. समजा मी खोक्यात एखादं टिपण बघितलं आणि त्यावर समासात दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात काहीतरी लिहिलंय, बाण काढलेत, "हे पटत नाही" वगैरे. मग ते कोणाचं म्हणायचं? आणि तो विचार हॉलचा, की त्या वाचणाऱ्याचा, की सेंटरचा? थीसिसमध्ये तर "हॉल म्हणतो" असंच लिहायची पद्धत आहे ना.

कागदकिडा

आता आलीस मुद्द्यावर. मला विचारशील तर या कागदांची खरी किंमत तिथेच आहे आणि शंकासूरच्या आक्षेपाचं उत्तरही तिथेच आहे. हॉलचा "खरा विचार" शोधायला जाणार असशील तर नको जाऊस, तो छापलेल्यात आहे. पण तो विचार किती जणांच्या हातातून गेला हे बघायला जाणार असशील तर छापील पान काही म्हणजे काही सांगत नाही.

सेंटरचं काम गटांत चालायचं. मीडियाचा गट, सबकल्चरचा गट, बायकांच्या अभ्यासाचा गट, विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसून वाचायचे, कोणीतरी टिपण मांडायचं, त्यावर भांडण व्हायचं, मग दुसरं कोणीतरी ते परत लिहायचं. पोलिसिंग द क्रायसिस घे. १९७८ चं पुस्तक, कव्हरवर पाच नावं: हॉल, क्रिचर, जेफरसन, क्लार्क, रॉबर्ट्स. सुरुवात कुठून? १९७२ मध्ये बर्मिंगहॅमच्याच हँड्सवर्थ भागात रस्त्यावर एकाला मारहाण करून लुटलं, तिघं पोरं पकडली, पुढच्या वर्षी कोर्टाने एकाला वीस वर्षं आणि बाकी दोघांना दहा-दहा वर्षं दिली. पेपरांनी "मगिंग" म्हणून जो धुरळा उडवला त्यावर हे लोक कामाला लागले. १९७५ मध्ये मगिंगवर, बातम्या कशा बनतात यावर सायक्लोस्टाइल पेपर निघाले, आणि मग कुठे ते जाडजूड पुस्तक. पहिल्या पेपरात प्रश्न आहे की वर्तमानपत्रं असं का करतात, शेवटी प्रश्न झालाय की ब्रिटनचं राज्य संमतीवर चालायचं ते धाकावर कसं आलं. प्रश्न एवढा मोठा कधी झाला, कुठल्या मीटिंगमध्ये, कोणाच्या हट्टामुळे, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. हे मिनिट्समध्ये आणि फिरलेल्या टिपणांत शोधायचं. सापडेलच असं नाही, पण सापडलं तर तिथेच.

बायकांच्या गटाचंही तसंच. त्या जर्नलचा अकरावा अंक म्हणजे १९७८ चं त्यांचं पुस्तक, आणि त्यात त्यांनी सरळ हिशेब मांडलाय की आधीच्या दहा अंकांत बायकांबद्दल जवळजवळ काहीच आलं नाही. आता हे छापून आलं म्हणून आपल्याला दिसतं. पण ते छापून येण्याआधी सेंटरमध्ये त्यावरून काय काय झालं असेल? सगळे पुरोगामी, सगळे डावे, आणि तरी. नुसते हॉलच्या नावाचे कागद बघितलेस तर ही बाजू त्याच्या नजरेतूनच दिसणार. म्हणून सेंटरचा संग्रहही बघ म्हणतोय.

तर समासातलं अक्षर. ओळखू आलं आणि खात्री असेल, म्हणजे दुसऱ्या सही केलेल्या कागदाशी जुळत असेल, तर नाव दे. नसेल तर "समासात दुसऱ्या हस्ताक्षरात" एवढंच लिही. त्यात कमीपणा काही नाही. आणि "हॉल म्हणतो" च्या ऐवजी "१९७३ च्या पेपरात म्हटलंय" असं लिहायची सवय लाव, मग आपोआप प्रत्येक वेळी कुठला कागद, कुठल्या सालचा, हे सांगणं भाग पडतं. तुझे दुसरे सरसुद्धा याला नाही म्हणणार नाहीत.

रिमोट_कुठाय

+१ आणि यात ओपन युनिव्हर्सिटीचा काळ विसरू नका. सगळे बर्मिंगहॅम बर्मिंगहॅम करतात पण हॉल तिथे १९७९ ते १९९७ होता, म्हणजे बर्मिंगहॅमपेक्षा जास्त वर्षं. तिथे तर एकट्याने काही लिहायची सोयच नव्हती. कोर्स टीम असायची, प्रत्येक युनिटचा पहिला ड्राफ्ट सगळ्यांना जायचा, सगळे त्यावर लिहायचे, मग दुसरा ड्राफ्ट, परत शेरे. आणि वाचणारे विद्यार्थी म्हणजे नोकरी करून रात्री अभ्यास करणारी मोठी माणसं, बीबीसीवर अडनिड्या वेळी कोर्सचे कार्यक्रम बघणारी. हॉलची भाषा ऐंशीनंतर सोपी झाली असं जे म्हणतात त्यामागे हे असणार असं माझं मत. बर्मिंगहॅमच्या पेपरांची इंग्रजी आठवा, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं, तीन फ्रेंच नावं घेतल्याशिवाय पूर्णविराम नाही. आणि मग नव्वदच्या दशकातली त्याची कोर्सची पुस्तकं वाचा, वाटतं समोर बसून बोलतोय. ड्राफ्टवर टीममधल्या कोणीतरी "हे विद्यार्थ्याला कळणार नाही" असं लिहिलेलं सापडलं तर मला पहिला मेल कर, मी पार्टी देईन.

शंकासूर

कागदकिडा, गटाने केलेलं काम म्हणून वाचायचं हे मला पटतंय, त्यावर वाद नाही. पण मग एक सांगा, संग्रहाला नाव कोणाचं? हॉलचं. ग्रँट कशाला मिळते? हॉलला. हॉगार्टचे कागद शेफील्डला, या विषयाचा दुसरा आद्य अभ्यासक रेमंड विल्यम्स, त्याचे स्वान्सीला, हॉलचे बर्मिंगहॅमला, तीन पुरुष तीन खोल्या, आणि ज्या टायपिस्टने ते सगळे स्टेन्सिल कापले तिचं खोकं कुठाय? गटाचं काम म्हणता आणि व्यवस्था मात्र जुनीच, एक मोठं नाव आणि खाली बाकी सगळे "इतर". अर्धवटताई, थीसिसच्या प्रस्तावनेत हे जरूर लिही, परीक्षक खूश होतील आणि मुद्दा खराही आहे.

आणि ड्राफ्टबद्दल माझा हट्ट कायम. वेस्टर्न का काढलं याचं कारण खोक्यात सापडेल असं धरून जाऊ नको. १९८० ला जो मजकूर छापला तो उताराच होता, पुस्तकात जागा कमी म्हणूनही काढलं असेल. दर वेळी कात्रीमागे विचारसरणी नसते, कधीकधी पानांची संख्या असते.

धुळीची_अॅलर्जी

टायपिस्टचं म्हणालात ते अगदी खरं, आणि म्हणूनच आम्ही हल्ली कॅटलॉग करताना टाइप करणाऱ्याची अक्षरं कोपऱ्यात दिसली तर नोंदवून ठेवतो. इंग्रजी ऑफिसच्या पत्रांत खाली डावीकडे तिरकी रेघ आणि दोन जोड्या अक्षरं असतात बघा, पहिली सांगणाऱ्याची, दुसरी टाइप करणाऱ्याची. एवढ्यावरून कधीकधी माणूस सापडतो. सगळ्या आर्काइव्हमध्ये हे करत नाहीत, वेळ नसतो, पैसे नसतात.

जागा कमी हा तर्कही मी हसण्यावारी नेणार नाही. पण तेही कागदावरूनच कळेल ना, संपादकांचं पत्र असेल "इतके शब्द कमी करा" म्हणून, तर प्रश्नच मिटला.

निवांत

उशिरा आलो. एक छोटी भर. लेक्चर नोट्स आणि लेक्चर यात फरक करा. हॉलने १९८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत व्याख्यानमाला दिली होती, कल्चरल स्टडीजचा सैद्धांतिक इतिहास, ती पुस्तक म्हणून २०१६ मध्ये आली, तो गेल्यानंतर दोन वर्षांनी. ते बोललेलं आहे, टेपवरून उतरवलेलं आणि संपादित केलेलं. त्यात तो जसा बोलतो तसा नोट्समध्ये दिसणार नाही, नोट्समध्ये चार शब्द आणि एक बाण असतो आणि त्यावर माणूस तासभर बोलतो. बाणावरून सिद्धांत काढू नये. १९८० चा मजकूर, १९७३ चा पेपर, टेपवरचं भाषण आणि हातातलं टिपण, यांचं वजन सारखं नाही. मी स्वतः तरी टिपणाचा उपयोग फक्त तारीख ठरवायला करतो, हा शब्द याच्या वापरात कधी आला, ग्राम्शी कधीपासून दिसायला लागला, अल्थुसर हा फ्रेंच मार्क्सवादी कधी मागे पडला, एवढंच. मत ठरवायला नाही.

अर्धवट_पीएचडी

हे फार उपयोगी आहे. म्हणजे माझं ठरलं असं: चॅप्टरचा कणा १९७३ आणि १९८० ची तुलना, ती स्कॅनवरून इथे बसूनच होते. ग्रँट मिळाली तर आठवडाभर जाऊन मीडिया गटाची मिनिट्स आणि १९७२ ते १९८० मधला पत्रव्यवहार, बाकी कशाला हात लावायचा नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या आधी लायब्ररीला मेल कर. मेलमध्ये काय लिहायचं? "मला हॉलच्या एन्कोडिंग-डिकोडिंगचे सगळे कागद बघायचेत" असं लिहिलं तर चालेल?

धुळीची_अॅलर्जी

नाही गं, तसं लिहू नकोस, त्याचं उत्तर "कॅटलॉग बघा" असंच येणार आणि बरोबरच आहे त्यांचं. आधी कॅटलॉगमधून तुला हव्या त्या फायलींचे रेफरन्स नंबर काढ आणि मेलमध्ये तेच घाल, एका दिवसाला मोजकीच खोकी मिळतील हे धरून प्राधान्य लावून दे. येण्याच्या तारखा दे, दोन पर्याय ठेव. यातल्या कुठल्या फायली बंद आहेत किंवा दुरुस्तीला गेल्यात ते स्पष्ट विचार, कारण तिकीट काढल्यावर कळलं तर काही उपयोग नाही. फोटो काढायचे नियम काय ते विचार. आणि विषय दोन ओळीत लिही, चार कोड तीन कसे झाले हे शोधतेय असं थेट लिहिलंस तर समोरची व्यक्ती कधीकधी स्वतःहून सांगते की अमुक फाइलही बघा, जी तुला सर्चमध्ये दिसली नसती. हे फार वेळा होतं.

रिमोट_कुठाय

आणि सेंटरच्या संग्रहाचा नंबर वेगळा असतो, हॉलच्या कागदांचा वेगळा, दोन्ही घाल एकाच मेलमध्ये.